आईला विमानातून उडी मारायचीय. 2012 ला 25 हजार होते, आता 57 हजार सांगतायत, एवढं वाढलं कशामुळे?

सड्यावरची:
नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज. आम्ही देवगड तालुक्यातले, घरची हापूसची कलमं आहेत, आईचं वय 58. फेब्रुवारी 2018 ला पेपरात फोटो आला होता बघा, शीतल महाजन यांनी थायलंडला नऊवारी नेसून विमानातून उडी मारली तो, तर आईने ते कात्रण कापून हिशोबाच्या वहीत ठेवलं होतं. आम्हाला कोणाला पत्ताच नाही. मागच्या गणपतीत माळ्यावरची ट्रंक उतरवली तेव्हा ती वही हाताला लागली आणि मी सहज विचारलं हे कशाला गं ठेवलंयस, तर म्हणाली मला पण एकदा वरून बघायचं होतं. बस, एवढंच बोलली आणि करंज्या लाटायला गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, आयुष्यभर त्या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

आता पैशाचं. माझा मोठा भाऊ 2012 ला दुबईला होता तेव्हा त्याने तिकडे मारली होती, इन्स्ट्रक्टरला बांधून मारतात ती, टँडम. 1750 दिरहम दिलेले, आपले साधारण 25 हजार झाले म्हणून बाबा आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. आता त्याच्याच एका मित्राला चौकशी करायला सांगितली तर म्हणे अडीच हजार दिरहमच्या घरात जातं, म्हणजे 57-58 हजार!! डबलच्या वर. विमान तेच, पॅराशूट तेच, हवेत पडायचं ते एक मिनिट पण तेच, मग एवढं वाढलं काय? अजून दोन वर्षं थांबलं तर आणखी वाढणार का? भारतात कुठे कमीत होतं का? आणि चिपीला 2021 पासून एवढा मोठा विमानतळ झालाय तर इकडे कोणी का सुरू करत नाही, घरातून निघून दोन तासांत झालं असतं आईचं.

ज्यांनी स्वतः मारलीय किंवा ज्यांना माहितीय त्यांनी सांगा. पैसे मी आणि दादा मिळून काढतोय, वर्षभर साठवले तर जमेल, पण फसायचं नाहीये.

खाडीपार_चिपळूण:
ताई, मी 19 वर्षं शारजा-दुबई केलीत, उडी मारलेली नाही पण हिशोब मला चांगला कळतो म्हणून लिहितोय. तुमचा जो डबलचा आकडा आहे ना त्यातला मोठा भाग उडीचा नाहीच, आपल्या रुपयाचा आहे.

कसं ते बघा. दिरहम हा डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून 1 डॉलर म्हणजे 3.6725 दिरहम, तो हलतच नाही. त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमपुढे पण तेवढाच घसरतो. 2012 ला मी घरी पैसे पाठवायचो तेव्हा साडेचौदाच्या आसपास रेट मिळायचा. आता 23 च्या वर आहे. आता 1750 चे 2500 झाले म्हणजे तिकडच्या माणसासाठी 43 टक्के वाढ झाली, तेरा-एक वर्षांत. पण रेट साडेचौदाच राहिला असता तर 2500 दिरहमचे सव्वाछत्तीस हजारच झाले असते. म्हणजे 25 चे 57 झाले त्यात जे 32 हजार वाढले त्यातले अकराएक हजार त्या उडीवाल्याने वाढवले आणि एकवीसएक हजार रुपयाने खाल्ले. दोन वर्षं थांबू का असं विचारलंत, तर माझं सरळ मत, थांबू नका. मी एवढी वर्षं बघतोय, रेट मागे येतो तो चार-सहा महिन्यांपुरता, मग परत पुढेच.

आता तुमच्याकडे कलमं आहेत म्हणून त्याच मापात मोजून बघितलं. 2012 ला आमच्याकडे पाच डझनाची पेटी ऐन सीझनला सतराशेला गेली होती, यंदा साडेतीन हजाराला. मग तेव्हाची उडी 15 पेट्यांची होती आणि आताची 16 पेट्यांची. बागायतदाराला ती तेवढीच पडते हो.

महाग कोणाला झाली सांगू का, तिकडे कॅम्पात राहणाऱ्या आपल्या पोरांना. माझ्या साइटवर 2012 ला हेल्परला 1200 दिरहम होते, मी सोडून आलो तेव्हा 1400. रत्नागिरी, खेड, म्हसळ्याची कितीतरी पोरं सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून वरून उतरणारी पॅराशूटं बघत बसायची, तेव्हा दीड महिन्याच्या पगारात झाली असती, आता पावणेदोन महिने पण पुरणार नाहीत. ते मला फार लागतं.

आणि हो, दुबईचं धरलंत तर व्हिसा, विमानाचं तिकीट, दोन रात्रींचं राहणं पण धरा. उडीपेक्षा जाणं-येणं महाग होईल. दादा अजून तिकडे असेल तर वेगळी गोष्ट.

चौदा_हजार_फूट:
खाडीपारकाकांनी रुपयाचं अगदी बरोबर सांगितलं. मी मूळ गुहागरचा, आता पुण्यात, परदेशात कोर्स करून लायसन्स घेतलंय आणि दीडशेच्या आसपास उड्या झाल्यात, त्यामुळे उडीच्या बाजूचं मी सांगतो. ताई तुम्ही लिहिलंत की विमान तेच पॅराशूट तेच, तर तसं नाहीये आणि खरी गंमत तिथेच आहे.

पूर्वी, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात परदेशातले लोक लष्कराची जुनी गोल पॅराशूटं विकत घेऊन उड्या मारायचे. स्वस्त मिळायची. छोट्या विमानातून तीनेक हजार फुटांवरून, पॅराशूटची दोरी विमानालाच बांधलेली, उडी मारली की ती खेचली जाऊन आपोआप उघडायचं, त्याला स्टॅटिक लाइन म्हणतात. इंधन कमी, इन्स्ट्रक्टर बरोबर नाही, म्हणून पैसे कमी. पण गोल पॅराशूटला नीट वळवता येत नाही, जमिनीवर आपटायचात, आणि एका उडीसाठी आदला अख्खा दिवस ट्रेनिंग. 58 वर्षांच्या बाईला कोणी नेलं नसतं.

मग चौकोनी गादीसारखं, हवा भरून विमानाच्या पंखासारखं उडणारं पॅराशूट आलं, डोमिना जाल्बर्टने 1964 च्या सुमारास काढलेलं, ते हळूहळू सगळीकडे पसरलं. पुढे बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या दोघांनी टँडम आणलं, अमेरिकेत 1984 ला प्रयोग म्हणून परवानगी मिळाली आणि 2001 ला ते रीतसर नियमात आलं. म्हणजे सामान्य माणसाने वीस मिनिटांची माहिती ऐकून सरळ उडी मारायची ही सोयच 40 वर्षांपूर्वीची आहे. पण त्यात विमानात एका गिऱ्हाइकामागे दोन जागा जातात, इन्स्ट्रक्टरचे पैसे, प्रत्येक उडीनंतर पॅराशूट परत घडी घालणाऱ्याचे पैसे, आणि टँडमचा सेट नवा घ्यायचा तर 15 हजार डॉलरच्या वर. रिझर्व्ह पॅराशूट, म्हणजे मुख्य उघडलं नाही तर वापरायचं राखीव, ते वापरलं नाही तरी ठराविक दिवसांनी उघडून लायसन्सवाल्या माणसाकडून परत पॅक करावं लागतं, अमेरिकेत 2008 पर्यंत दर 120 दिवसांनी होतं, आता 180.

1991 ला जर्मनीहून सायप्रेस नावाचं एक छोटं यंत्र आलं. दोघंही बेशुद्ध पडले, इन्स्ट्रक्टरचा हात चाललाच नाही असं काहीही झालं आणि तुम्ही अजून त्याच वेगाने पडताय असं त्याला कळलं तर ते स्वतः रिझर्व्ह उघडतं, टँडमला 1900 फुटांवर. ते हजार डॉलरच्या वर जातं आणि पंधराएक वर्षं झाली की एकदाही चाललं नसलं तरी फेकून द्यायचं. आता सांगा, हा पैसा वाढला की वसूल झाला? माझ्या मते यातला प्रत्येक रुपया द्यावा असाच आहे.

उंची पण वाढली. 10 हजार फुटांवरून मारलं तर साधारण 30-35 सेकंद नुसतं पडता, 14 हजारावरून मारलं तर मिनिटभर. तिकडे वर न्यायला आता टर्बाइनची मोठी विमानं आहेत, कॅरॅव्हॅनमध्ये पंधराएक माणसं बसतात, ट्विन ऑटरमध्ये वीसच्या वर, आणि वीस मिनिटांच्या आत वर जातात. खर्च सगळ्यांत वाटला जातो. त्यामुळे होतं काय की अमेरिकेत लायसन्सवाल्याला, म्हणजे स्वतः एकट्याने उडी मारणाऱ्याला, एका उडीचं तिकीट 2000 च्या सुमाराला 16-18 डॉलर होतं आणि आज 30 च्या आसपास आहे, पण तेवढ्या काळात तिकडची सगळीच महागाई जवळपास दुप्पट झालीय. म्हणजे पंचवीस वर्षांत उडी मुळात महाग झालेलीच नाही! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप आश्चर्य वाटलं होतं. मधे 2008 ला क्रूड 147 डॉलरला टेकलं तेव्हा ठिकठिकाणी इंधनाचा जादा आकार लावला होता, असं अधूनमधून होतं.

आता आपल्याकडचं. 2013-15 च्या सुमारास मी पहिल्यांदा शोधाशोध करत होतो तेव्हा मैसूर, पाँडिचेरी, मध्य प्रदेशात सागरजवळ ढाना अशा जागांची नावं यायची, टँडम 25 ते 35 हजारांच्या घरात. आज हरियाणात नारनौलला किंवा उज्जैनला मध्य प्रदेश टुरिझमचा स्कायडायव्हिंग फेस्टिव्हल असतो तिथे बघा, आकडा अजून त्याच घरात आहे, 25-35 हजार, वर जीएसटी 18 टक्के. दहा वर्षांत बाकी सगळं दीडपटीच्या वर गेलं आणि हे तिथेच. म्हणजे भारतात उडी खरं तर स्वस्त झाली.

मग आपल्याकडे ती दुबईच्या निम्म्याहून खाली का जात नाही? कारण विमान बऱ्याचदा छोटं सेसना असतं, पायलट सोडून चार माणसं, म्हणजे एका फेरीला दोनच गिऱ्हाइकं, आणि अख्ख्या फेरीचं इंधन त्या दोघांवर. उंची पण 9-10 हजार फुटांचीच. सामान सगळं बाहेरून येतं, इंधन जीएसटीत नाही त्यामुळे त्याच्यावरचा कर कुठे वळता करून मिळत नाही, आणि सीझन हिवाळ्यातले चार-पाच महिने. एवढं असून 25-30 ला देतात हे मला तरी रास्त वाटतं.

रापणकर:
काय गे बाय, आवशीचा वाचून डोळ्यांत पाणी इला माझ्या. बरा केलंस इचारलंस ता.

मी तारकर्ली-देवबागच्या बाजूक पॅरासेलिंगच्या बोटीवर नऊ सीझन काढलेत, आता स्वतःची होडी आहे. विमानाचं मला कळत नाही पण दराचं आमच्याकडे पण तसंच आहे. मी लागलो तेव्हा माणशी 500-600 घ्यायचो, आता हजार-बाराशे. लोक भांडतात की पाच मिनिटांचे एवढे कशाला, पण बोटीचं इंजिन, विंच, दोरी, लाइफ जॅकेट, खलाशी हे सगळं त्या पाच मिनिटांमागे उभं असतं, आणि जूनपासून ऑगस्टअखेर बोट शाकारून बसायचं, बँकेचा हप्ता काय पावसात थांबत नाही. दोरी तर दरवर्षी बदलायला लागते, खाऱ्या पाण्याने आतून कुजते, वरून दिसत पण नाही. जो 500 ला देतो त्याला पहिलं विचारायचं की दोरी कधी बदललीस.

ताई माझं एक ऐकशील काय, आईला पहिलं इकडे घेऊन ये. ती म्हणाली ना वरून बघायचंय, तर बोटीमागून वर गेली की सिंधुदुर्ग किल्ला आणि कर्लीची खाडी समुद्राला मिळते ते सगळं एका नजरेत दिसतं. नोव्हेंबरात सकाळी आठ-साडेआठला ये, वारा शांत असतो, दुपारचा खारा वारा सुटला की नको. तिला उंचीवर कसं वाटतं ते कळेल आणि मग 30 हजार भरायचे का ते ठरव.

चौदा_हजार_फूट:
रापणकर दादा, लाख बोललात, दोरीचं जे सांगितलंत तेच आमच्याकडे पण.

चिपीचं राहिलं. नुसती धावपट्टी असून भागत नाही, उतरायला मोकळी मऊ जागा लागते. अमेरिकेतल्या उड्या मारणाऱ्यांच्या संघटनेचा नियम आहे की शिकाऊ माणसाला उतरायला सगळ्या बाजूंनी शंभर मीटरपर्यंत काही आडवं नको, आणि एक मैलाच्या आत मोठं पाणी असेल तर अंगावर तरंगायचं साधन लागतं. आपल्या सड्यावर जांभा, कडेला माड, आमराया, विजेच्या तारा आणि समुद्र हाकेवर. जांभ्यावर टँडमवाले बसून घसरत उतरले तर काय होईल तुम्हीच बघा. शिवाय दुपारी वारा समुद्रावरून आत येतो, पावसाचे चार महिने तर सोडूनच द्या. दुबईला पाण्याच्या काठावर करतात पण तिथे हिरवळ तयार केलीय, बोटी उभ्या असतात, मोठी विमानं दिवसभर फेऱ्या मारतात. इकडे रोज पन्नास गिऱ्हाइकं आली तर कोणी तेवढा पैसा घालेल. व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण अर्धवट नको.

सड्यावरची:
बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खरंच आभार सगळ्यांचे. काकांचा पेट्यांचा हिशोब मी बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले 16 पेट्या एका आईसाठी जास्त नाहीत. हे बाबा म्हणाले!! 2012 ला दादाशी न बोलणारे.

दुबई आता रद्द, नारनौल किंवा उज्जैन बघतेय. अजून विचारायचंय, आईचं वजन 64 किलो आहे, गुडघा थोडा दुखतो, बीपीची गोळी नाही. वयामुळे नाही म्हणतील का? आणि व्हिडिओचे पैसे वेगळे म्हणतायत ते घ्यावेत का? ती नऊवारीचं पण विचारणार हे मला माहितीय.

चौदा_हजार_फूट:
वजनाची मर्यादा साधारण 90 ते 100 किलो असते, त्यात त्या आरामात बसतात. वयाला वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी नाही पण पन्नाशीच्या पुढे डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, मागितलं नाही तरी तुम्ही घ्याच, गुडघा दाखवून घ्या. अमेरिकेचे थोरले बुश 2014 ला 90 व्या वाढदिवसाला टँडम उतरले होते, ते तर व्हीलचेअरवर होते. उतरताना पाय पुढे सरळ उचलून धरायचे असतात, इन्स्ट्रक्टर बसूनच उतरवतो. आतापासून रोज खुर्चीत बसून पाय उचलायची सवय करायला लावा, दहा-दहा वेळा.

नऊवारीचं. पट्टा मांड्यांमधून येतो म्हणून काष्टा असला तर साडीची अडचण तशी होत नाही, पण शीतल महाजन स्वतः लायसन्सवाल्या, उत्तर ध्रुवावर 2004 ला उडी मारलेल्या, त्यांची तयारी वेगळी. पहिल्या टँडमला पँट आणि लेसचे बूटच सांगतील, त्यावर हट्ट करू नका.

व्हिडिओ घ्या. पूर्वी त्यासाठी वेगळा कॅमेरावाला बरोबर उडी मारायचा, त्याची पण विमानात जागा, म्हणून फार महाग जायचं. आता इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरच छोटा कॅमेरा असतो त्यामुळे थोडक्यात होतं. बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारा, दरात जीएसटी धरलाय का, हवा खराब झाली तर पैसे परत की नुसती पुढची तारीख, आणि इन्स्ट्रक्टरच्या टँडम उड्या किती झाल्यात. तिसऱ्याचं उत्तर देताना जो चाचरेल तिथे जाऊ नका, पाच हजार स्वस्त असला तरी. मला स्वतःला एकदा एका ठिकाणी हवेमुळे दोन दिवस बसवून ठेवलं आणि पैसे शेवटपर्यंत परत दिले नाहीत, लेखी काहीच नव्हतं माझ्याकडे.

विम्याचं पण बघा, साध्या पॉलिसीत असल्या उड्या बऱ्याचदा वगळलेल्या असतात, आयोजकाचा वेगळा विमा आहे का ते विचारून कागद मागून घ्या.

खाडीपार_चिपळूण:
नारनौल ठरलं तर रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने दिल्ली गाठा, पुढे रस्त्याने तीनेक तास. डिसेंबर-जानेवारी टाळा, उत्तरेत धुकं असतं, विमान उठतच नाही कधीकधी. भात कापून झालं की मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत जाऊन या. एक दिवस जादा धरूनच परतीचं तिकीट काढा म्हणजे हवेची घाई होणार नाही.

सड्यावरची:
काल रात्री जेवताना आईला सांगितलं. आधी म्हणाली एवढे पैसे कशाला, मग गप्प बसली, मग उठून ताटं विसळली. आम्हाला वाटलं झालं, नाहीच म्हणणार. तर हात पुसत बाहेर आली आणि विचारलं, वरती चष्मा ठेवता येतो का, नाहीतर मला काही दिसायचं नाही.

कोणी सांगेल का, ठेवता येतो का?

चौदा_हजार_फूट:
येतो. चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल असतो, बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आणि मागून इलॅस्टिकची दोरी बांधायला विसरू नका.